वीस मिनिटांची नळी: साप चावलेल्या एका पेशंटचं प्रकरण

अर्ज अर्ध्या पानाचाच होता. पोराच्या वहीचं रेघांचं पान फाडून लिहिलेला, वर "मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब" आणि खाली तीन तक्रारी. एक, माझ्या भावाचे रक्त काढून नळीत ठेवले व डॉक्टर, सिस्टर नुसते पाहत बसले. दोन, पायाची दोरी सोडा म्हटले तरी सोडली नाही. तीन, सलाईन चालू केली आणि मधातच बंद केली. शेवटी "तरी संबंधितांवर कारवाई व्हावी ही विनंती" आणि सही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. माझं मूळ काम एचआयव्ही तपासणीच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं, पण तीस खाटांच्या दवाखान्यात आपल्या कामावर कोणीच थांबत नाही, त्यामुळे पेशंटच्या समाधानाचे फॉर्म भरून घेणं, त्यांची सरासरी काढून दर महिन्याला पाठवणं हेही माझ्याकडंच आहे. अधीक्षक साहेबांनी तो अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, बघा जरा, माणसं खरंच नाराज आहेत की कोणी लिहायला लावलं. मी पाहिलं. त्याला तीन आठवडे लागले, आणि त्यात जे सापडलं ते माझ्या फॉर्मात कधीच सापडलं नसतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आधी घडलं काय ते. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, पोळा तोंडावर. पेशंट चाळिशीचा, दोन भावांत धाकटा. सोयाबीनच्या धुऱ्यावर बैलांसाठी हिरवा चारा कापत होता, दिवस मावळून गेलेला, गवतात हात घालताना डाव्या पायाच्या घोट्यावर काहीतरी चाबलं. त्यानं साप पाहिला, जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फुसकारणारा, म्हणजे घोणसच. मोठा भाऊ बाजूच्याच वावरात होता, त्यानं बैलाची नायलॉनची दोरी पिंढरीवर करकचून बांधली आणि मोटरसायकलवर मधात बसवून, मागं पुतण्याला धरायला बसवून निघाले. १०८ ला फोन लावला होता पण त्या भागात रेंज लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ही गाडीची सेवा महाराष्ट्रात २०१४ ला सुरू झाली, तेव्हा अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या, आमच्यासारख्या तालुक्याला वाट पाहण्यापेक्षा मोटरसायकल बरी वाटते यात लोकांचं चुकत नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा केसपेपरवर ८.४० वाजलेले. त्या वेळी ड्यूटीवर एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक कक्षसेवक आणि गेटवर एक गार्ड. एक सिस्टर लेबर रूममध्ये अडकलेल्या, पहिलटकरीण होती. कॅज्युअल्टीत दोन पोरं मोटरसायकलवरून पडून आलेली, एकाच्या हनुवटीला टाके चालू होते. डॉक्टरांनी टाके अर्धवट सोडून सापवाल्याला आधी घेतलं, हे मुद्दाम सांगते कारण भावाच्या अर्जात ते नाही, त्याला ते दिसलंच नव्हतं, तो तेव्हा खिडकीवर केसपेपर काढायला पळाला होता.

८.५० ला सिस्टरनं रक्त काढलं. दोन मिली, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत, आणि नळी स्टँडमध्ये उभी ठेवून दिली. ही विसाव्या मिनिटाची टेस्ट. घोणसाचं विष रक्त गोठण्याची ताकदच खाऊन टाकतं, म्हणून रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदाच तिरपी करायची. गोठलं असेल तर ते तळाला थिजलेल्या जेलीसारखं चिकटून राहतं, विष अंगात भिनलं असेल तर पाण्यासारखं वाहतं. एवढीच टेस्ट, ना मशीन लागत ना लाइट लागत. मधे हलवून पाहायचं नाही. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाच्या पावडरनं धुतलेली पण नाही. आणि हे पाहिल्याशिवाय सापाचं औषध उगाच द्यायचं नसतं कारण ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, कोणाला त्याची रिअॅक्शन आली तर जिवावर बेतू शकतं, आणि बरेच चावे कोरडे असतात, म्हणजे दात लागतात पण विष सुटत नाही. इथं पाय सुजायला लागला होता, शंका होतीच, पण अजून कुठून रक्त येत नव्हतं, बीपी ठीक होता, तर डॉक्टरांनी टेस्टची वाट पाहिली. बरोबर केलं.

दोरीचंही तसंच. करकचून बांधलेली दोरी एकदम सोडली तर अडवलेलं विष एका झटक्यात अंगात जाऊ शकतं, म्हणून आधी सलाईनची सुई लावायची, औषध हाताशी ठेवायचं, मग हळूहळू सैल करायची. पायाच्या पंजावर बोटाला ठोका लागत होता म्हणून डॉक्टर थांबू शकले. ९.२० ला दोरी सुटली.

९.१० ला नळी तिरपी केली तर रक्त सरळ काठापर्यंत आलं. लगेच दहा वायल काढल्या. आता इथं एक गोष्ट, जी मी स्वतः त्या सिस्टरच्या बाजूला उभी राहून नंतर पाहिली. हे औषध पावडर असतं. प्रत्येक वायलमध्ये दहा मिली पाणी सोडायचं आणि वायल जोरात हलवायची नाही, फेस होतो, ती दोन्ही तळहातात धरून हळूहळू घोळायची, पावडर विरघळेपर्यंत. अशा दहा. सिस्टर स्टुलावर बसून एक एक वायल तळहातात घोळतात, डोळे त्या वायलवर, ओठ बंद, मनातल्या मनात मोजणं चालू. ज्याला माहीत आहे त्याला त्यात घाई दिसते, दारातून पाहणाऱ्याला बाई बसून हात चोळतेय असं दिसतं.

९.२५ ला ड्रिप चालू झालं. ९.४० ला पेशंटला हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली. डॉक्टरांनी त्याच क्षणी ड्रिप बंद केलं, रिअॅक्शन आली तर द्यायचं अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवलेलं होतं, अर्धा मिग्रॅ मांडीत दिलं. वीसेक मिनिटांत तो शांत झाला, आणि १०.०५ ला ड्रिप परत सुरू केलं, आधी थेंब कमी ठेवून. पुस्तकात जसं लिहिलेलं आहे तसंच.

आणि याच वेळी मोठा भाऊ आत घुसला. त्याला दारातून दिसलं ते असं की नुकतंच चालू केलेलं औषध डॉक्टरनं स्वतःच्या हातानं बंद केलं. त्यानं ट्रॉलीवर हात आपटला, ट्रे खाली पडला, गार्डनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि बाहेर जाता जाता त्याच्या तोंडासमोर भिंतीवरचा तो बोर्ड आला, वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड, २०१० चा कायदा. मी नंतर कॅज्युअल्टीच्या चारही भिंती पाहिल्या. नातेवाइकांना उद्देशून लिहिलेली तेवढी एकच गोष्ट तिथं होती. कायदा लागतो, मी आमच्या सिस्टरना रडताना पाहिलेलं आहे, त्याच्या विरोधात मी नाही. पण घरचा माणूस मरायला टेकलेला असताना जो माणूस दारात उभा आहे त्याला आपण सांगायचं म्हणून एवढंच शोधून ठेवलं होतं, हे मला फार लागलं.

पहाटे साडेतीनला, म्हणजे सहा तासांनी, परत टेस्ट केली, रक्त अजून गोठत नव्हतं, आणखी दहा वायल दिल्या. लघवी कमी झाली होती, घोणसाच्या चाव्यात किडनीला धोका असतो, म्हणून साडेपाचला १०८ मधून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं डायलिसिस लागलं नाही. नवव्या दिवशी तो पायावर चालत घरी गेला. अर्ज चौथ्या दिवशीचा आहे, म्हणजे भाऊ अजून त्या वॉर्डाबाहेर सतरंजीवर झोपत होता तेव्हाचा.

आमच्या लोकांचं म्हणणं सरळ होतं. जीव वाचवला, वीस वायल दिल्या, एक रुपया घेतला नाही, वर तक्रार. ऑफिसमधून उत्तराचा मसुदाही तयार झाला, "आपल्या रुग्णावर नियमानुसार योग्य ते उपचार करण्यात आले आहेत". ते खोटं नव्हतं. तरी मी म्हटलं, एकदा जाऊन येते.

गावात गेले तेव्हा पेशंट ओसरीत खाटेवर होता, पाय उशीवर, अजून काळानिळा. वहिनीनं चहा आणला. मोठा भाऊ आधी बोलेचना. मग मी केसपेपरची झेरॉक्स बाजूला ठेवली आणि म्हटलं, दादा, तुम्ही सांगा, काय काय दिसलं, मी लिहून घेते. तो दोन तास बोलला.

"मॅडम, रक्त काढून दीड घंटा ठेवलं त्याईनं." केसपेपरवर वीस मिनिटं. मी ते त्याला सांगितलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता, त्याच्यासाठी ते तेवढंच होतं. "मी विचारलं, सिस्टर काय करून राह्यले, तं म्हने थांबा ना बाहेर. अर्ध्या घंट्यानं परत विचारलं तं म्हने सांगतलं ना थांबा. आता सांगा, घरचा मानूस मरून राह्यला अन् तुमी नळीकडे पाहून राह्यले, तं कसं वाटन?" दोरीबद्दल म्हणाला, "पाय काळा पडून राह्यला होता, तो वरडत होता सोडा सोडा, मले वाटलं विसरलेच." आणि सलाईनबद्दल आवाज खाली गेला. "मले वाटलं औषध सपलं. गरिबाले एवढंच देत असतीन."

याच्या मागं एक जुनी गोष्ट होती, ती त्याच्या बायकोनं सांगितली. २०१७ ला फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो जण भरती होते, कपाशीवर काम करणाऱ्या गावात कोणी ना कोणी तरी दवाखान्यात होतंच. हा मोठा भाऊ त्या वेळी शेजाऱ्याजवळ चार रात्री बसला होता. शेजारी वाचला नाही. "तवापासून दवाखान्यात गेलं की याईले वाटते आपल्याले काहीतरी लपवून राह्यले," ती म्हणाली. आमच्या एकाही फॉर्मात याला रकाना नाही, आणि आपत्कालीन विभागाच्या दारात माणूस उभा राहतो तो हे सगळं घेऊनच उभा राहतो.

आणखी एक. त्या रात्रभर त्याचा उजवा हात शर्टाच्या खिशावर होता. शेजाऱ्याकडून सोयाबीनवर उसने आणलेले बारा हजार होते त्यात. त्याला वाटत होतं कधीही चिठ्ठी येईल की बाहेरून औषध आणा, आणि हे पुरतील का. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात सगळी सेवा मोफत आहे, केसपेपरसुद्धा. त्याला खिडकीवर पैसे मागितले नाहीत तेव्हा त्याला वाटलं नंतर एकदम मागतील. कोणीच सांगितलं नाही, कारण आमच्यासाठी ती सांगण्यासारखी गोष्टच उरलेली नाही. म्हणजे भाऊ जातो का ही भीती आणि पैसे पुरतील का ही भीती, अशा दोन भीत्या घेऊन तो बसला होता, आणि त्यातली एक आम्ही एका वाक्यात काढून टाकू शकलो असतो.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ती. तीनही तक्रारी ज्या उपचारांवर होत्या ते तीनही उपचार बरोबर होते. आणि त्या रात्री आमच्याकडून जी खरी चूक झाली ती अर्जात नव्हतीच. स्ट्रेचर लेबर रूमच्या दारात अडकलेलं होतं म्हणून पेशंटला गेटपासून कॅज्युअल्टीच्या खाटेपर्यंत चालवत आणलं, साठेक पावलं असतील. साप चावलेल्याला चालवायचं नसतं, पायाचे स्नायू हलले की विष लवकर पसरतं. भावाला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट गार्डनं खांद्याला धरून आणलं म्हणून त्याचं त्यानं चांगलंच सांगितलं. म्हणजे पेशंटचं समाधान आणि उपचाराचा दर्जा या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारून निघून जाऊ शकतात, आणि नुसत्या तक्रारी मोजून दवाखाना सुधारायला निघालो तर आपण नळीची वीस मिनिटं कमी करायला जाऊ आणि स्ट्रेचर तिथंच अडकलेलं राहील. पण म्हणून तक्रार फेकून द्यायची नाही. ती उपचाराबद्दल नव्हती, न बोलण्याबद्दल होती, फक्त लिहिणाऱ्याला दुसरे शब्द सापडले नाहीत. "आमी अडानी आहो, पर आंधळे नाही," हे त्याचं वाक्य मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं.

हे फक्त आमच्याकडंच होतं असं नाही. १९९६ ला अमेरिकेत आपत्कालीन विभागातून घरी गेलेल्या पेशंटना फोन करून विचारलं होतं, तेव्हा दिसलं की प्रत्यक्ष किती वेळ थांबावं लागलं यावर समाधान ठरत नव्हतं, किती थांबावं लागलं असं वाटलं, माहिती किती दिली आणि बोलणं कसं होतं यावर ठरत होतं. मी ते वाचलं तेव्हा त्या दीड घंट्याची आठवण आली.

आमच्या आकड्यांची एक लाजिरवाणी बाजूही यातून दिसली. फॉर्म आम्ही ओपीडीतल्या आणि सुट्टी झालेल्या पेशंटकडून भरून घेतो. जो रात्री येतो आणि पहाटे रेफर होतो त्याला सुट्टीच नसते, त्यामुळे फॉर्मही नसतो. जो मरतो त्याच्या घरच्यांना तर कोण विचारणार. २०१६ पासून केंद्राची "मेरा अस्पताल" म्हणून मोबाईलवर विचारण्याची सोय आहे, पण ज्याच्या गावातून १०८ ला फोन लागत नाही त्याच्याकडून मेसेजचं उत्तर कसं येणार. त्या ऑगस्टचा माझा अहवाल चांगला गेला होता, मीच पाठवला होता, आणि त्यात सगळ्यात वाईट रात्रीचा एकही माणूस नव्हता.

सिस्टरशी बोलले. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, मॅडम, मला दोन हात, त्या वेळी तीन पेशंट, वायल घोळू की भाषण देऊ. खरं आहे. पुढं म्हणाल्या, आणि खरं सांगू का, मी घाबरले होते, मी बोलले असते तर आवाज थरथरला असता, म्हणून बाहेर थांबा म्हटलं. हे मला अगदी अनपेक्षित होतं. बाहेरून जो तुसडेपणा दिसला तो आतून भीती होती. तर त्यांनी अजून गोड बोलायला शिकावं असलं प्रशिक्षण लावून काही होणार नव्हतं, बोलायचं काम त्यांच्या डोक्यावरून उचलूनच घ्यायला पाहिजे होतं.

मग काही बारीकसारीक बदल केले. स्ट्रेचरची जागा गेटजवळ पक्की केली, पिवळा पट्टा मारून. मोफतचं वाक्य खिडकीवर आणि कॅज्युअल्टीच्या दारावर मोठ्या अक्षरात. साप, विष, अपघात असा पेशंट आला की एक नातेवाईक पायथ्याशी उभा राहू द्यायचा. गार्डला आणि कक्षसेवकाला तीन वाक्यं पाठ करून दिली, आपल्या बोलीतच, की रक्त वीस मिनिट ठेवा लागते, त्यावरून औषध ठरते. दोरी डॉक्टर हळूच सोडतीन, एकदम सोडली तं विष चढते. सलाईन मधात बंद केली तं खाजेसाठी केली, परत लागते. गार्ड हे डॉक्टरपेक्षा चांगलं सांगतो असं माझं मत झालं आहे, तो त्यांच्यातलाच वाटतो.

नळीची युक्ती मात्र डॉक्टरांची. टेस्टवर शंका असली, नळी नीट आहे की नाही याची खात्री नसली, तर सोबतच्या धडधाकट माणसाचंही रक्त दुसऱ्या नळीत घेऊन तुलना करता येते, हे मूळ पद्धतीतच आहे, आम्ही करत नव्हतो. आता दोन नळ्या बाजूबाजूला ठेवतात, वर चिकटपट्टीवर वेळ लिहितात आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ लावलं.

सप्टेंबरच्या मधात एक बाई आल्या, निंदणाला गेलेल्या, हाताला चावलेलं. सोबत बारावीतला मुलगा. त्या संध्याकाळी मी थांबले होते. सिस्टरनं आधी आईचं रक्त घेतलं, मग मुलाचं, दोन्ही नळ्यांवर ७.३५ लिहिलं आणि म्हणाल्या, सात पंचावन्नला पाहू, तोवर नळीला हात लावायचा नाही, घड्याळाकडं लक्ष ठेव आणि मला हाक मार. पोरगा स्टुलावर बसून राहिला, एकदा घड्याळाकडं पाही, एकदा आईकडं. त्यानं बरोबर सात पंचावन्नला हाक मारली. सिस्टरनं आधी त्याची नळी तिरपी केली, रक्त तळाला घट्ट बसलेलं. मग आईची, ते वाहत काठापर्यंत आलं. कोणी काही बोललं नाही. पोरगाच उठला आणि डॉक्टरकडं जाऊन म्हणाला, सर, आईचं गोठलं नाही, औषध चालू करा.

सगळं जमलं असं नाही. गार्ड सुट्टीवर असला की ती तीन वाक्यंही सुट्टीवर जातात, रात्री डॉक्टर अजून एकच आहेत. आपल्या देशात २००० ते २०१९ मध्ये वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सापाच्या चाव्यानं गेली, बहुतेक खेड्यातली आणि पावसाळ्यात, आणि २०२४ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. लोक भगताकडं न जाता आधी दवाखान्यात आले तरच ते होईल. हा मोठा भाऊ भगताकडं गेला नव्हता, सरळ आमच्याकडं आला होता, आणि पुढच्या वेळी गावात कोणाला चाबलं तर सगळे त्यालाच विचारणार आहेत की कुठं न्यायचं.

उत्तराचं पत्र मी नव्यानं लिहिलं, तीन तक्रारींना तीन उत्तरं, केसपेपरवरच्या वेळा टाकून, आणि चौथा मुद्दा आमच्याकडून, की पेशंटला चालवत आणलं ते चुकलं. अधीक्षक साहेबांनी चौथ्या मुद्द्यावर बराच वेळ पेन धरून ठेवला, मग सही केली. पत्र मी स्वतः नेऊन दिलं, पुतण्यानं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. भावानं दोरीचा मुद्दा दोनदा वाचायला लावला. अर्ज मात्र त्यानं मागं घेतला नाही, आणि मी घ्या म्हटलंही नाही, तो फाइलला लावलेला आहे.